पहिला मासा तिचा

दोंडाईच्याजवळच्या नांदवडीच्या तळ्यात आज पुन्हा टिबुकल्या, ती चिमुकली पाणपाखरं, बुड्या मारतात, मरळही मिळते. मत्स्य खात्याच्या साहेबांनी तळं साफ केलं, असं लोक म्हणतात. म्हणू देत बापडे! कुंदाबाईचं नाव घ्यायला मात्र भोईवाड्यात कुणाची जीभ रेटत नाही.

चौऱ्याण्णव सालचा वैशाख होता. कुण्या अतिशहाण्यानं तळ्यात परदेशी मांगूर मासा आणून सोडला होता. काळा, मिशाळ आणि महा खादाड. त्यानं मरळ संपवली, बेडूक संपवले, टिबुकलीची पोहणारी पिल्लंसुद्धा गिळली. उन्हानं पाणी आटून मधोमध डबकं उरलं, तेव्हा साहेब रुपचंद भोयाकडे आले.

"एकही मांगूर जिता परत जाता कामा नये, रुपचंद. एक पोटुशी मादी राहिली तरी पावसाळ्यात तळं पुन्हा भरेल."

"हाव साहेब," रुपचंद म्हणाला. आणि रोज जाळ्यातला पहिला मासा हातानं परत पाण्यात सोडत राहिला.

पहिला मासा पाण्याचा, हा भोयांचा रिवाजच. पण रुपचंद तो सोडायचा सुंदरच्या नावानं. सुंदर त्याची पहिली बायको, याच तळ्यात बुडून गेलेली. तळ्यात आता मांगुराशिवाय उरलं होतं काय? म्हणून रोज एक मांगूर जगायचा. आणि तो नेहमी एकच असायचा, मांडीएवढी जाड, पोटुशी मादी. जाळं कुठंही टाका, सगळ्यात आधी हाताला तीच लागायची.

दुसरी बायको कुंदा हे काठावरून बघायची आणि नखशिखान्त पेटायची. दुसरेपणाचं जिणं ते! नवं लुगडं आधी सुंदरच्या नावाच्या चांदीच्या टाकाला, तिच्या कोरलेल्या मूर्तीला, दाखवायचं, घास आधी तिचा काढायचा, आणि तो टाक स्वतःच्याच गळ्यात मिरवायचा. तेही तिनं सोसलं असतं. पण रुपचंद त्या मासोळीला सोडताना काहीतरी पुटपुटायचा, हसायचा. कुंदाशी तो असं कधीच हसला नव्हता.

"मरेल बाईना इतला लाड? मी जित्ती शे ना घरमा!"

"तिनं नाव नको काढू," एवढंच तो म्हणाला. तेही कुंदाकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मेलेले मांगूर साहेबांना दाखवायला रुपचंद दोंडाईच्याला गेला. कुंदानं कोयता उचलला.

टळटळीत दुपार. उन्हाच्या भीतीनं अख्ख्या गावानं दारं लावून घेतलेली. तळ्यावर कुत्रंही नव्हतं. भेगाळलेल्या चिखलाला कुजक्या माशांचा वास येत होता, आणि इतकी शांतता, की तिला स्वतःचा श्वास दुसऱ्याच कुणाचा वाटला. डबक्याच्या कडेला, पाण्याबाहेर, ती मासोळी पडलेली होती. पळाली नाही. मिशा हलवत कुंदाकडे बघत राहिली… जशी काही वाटच बघत होती.

"काय देखी राह्यनी, सटवी?" कुंदानं गळ्यातला टाक हिसडून तोडला आणि चिखलात भिरकावला. "ले, तुनं तुले!"

मग कोयता घातला. एकदा, दोनदा, हात भरून येईस्तोवर. मासोळी तडफडली नाही. डोक्यावरची पाटी उतरवल्यावर बाई सोडते तसा एक सुस्कारा तेवढा ऐकू आला. कुंदाला वाटलं, आपलाच असेल.

घरी येऊन तिनं आंघोळ केली, पण चिखलाचा वास अंगावरून जाईना. जाईल कुठं! तरी मन कसं हलकं झालं होतं. भाकरी थापली आणि कुणाचाही घास न काढता पहिला तुकडा स्वतः खाल्ला. संसारात पहिल्यांदाच अन्न गोड लागलं. आता नवरा आपला, एकटीचा.

दिवेलागणीला रुपचंद आला. उंबऱ्यातच थबकला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की कुंदा बघतच राहिली. ह्याच हसण्यासाठी ती इतकी वर्षं झुरली होती.

"सुंदर…" तिच्या येण्याचं नवल करत तो म्हणाला. "तू कव्हय उनी?"

"मी… मी कुंदा शे…"

"येडी!" तो मायेनं जवळ बसला, तिचा हात हातात घेतला. "कुंदा ते गयी ना… तळामा."

हात सोडवून घ्यावा, किंचाळावं, असं तिला वाटलं. पण तो हात इतका ऊबदार होता. असा हात कुणी धरलाच नव्हता कधी. तिनं तो तसाच राहू दिला. एक घटका, फक्त एक घटका…

तेवढ्यात तळ्याच्या बाजूनं हाक आली. लांबून, ओली, अगदी तिच्याच आवाजातली.

"आयकं का… मी शे… कुंदा… दार उघाडा ना…"

हाक जवळ येत होती. दाराशी आली. रुपचंद दचकून अर्धवट उठला, तसं तिच्या छातीत भडकन पेटलं. कोण ही भवानी, माझ्या नवऱ्याला हाका मारणारी?

ती झटक्यात उठली, दाराला आतून कडी घातली आणि त्याच्याजवळ येऊन बसली.