झुंबरबाईनं ठेवलेलं नाव

खोटं वाटलं तर पेठ वडगावला या आणि झुंबरबाईलाच विचारा. म्हातारी धडधाकट आहे. फक्त त्या दिवसापासून उताणी झोपत नाही.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. भर दुपार. कोल्हापुरात रंकाळ्याच्या अलीकडचा जुना अनाथाश्रम. आता तिथं मुलं नाहीत, आश्रमाचं संग्रहालय आहे.

झुंबरबाई नातीला, अनुजाला, मुद्दाम घेऊन गेली होती. जन्मल्या जन्मल्या झुंबरबाईला कुणीतरी इथल्याच पाळण्यात टाकून गेलं होतं.

पाळणा मधल्या खोलीत होता. लोखंडी.

"मावशी, लांबनं बघा," रखवालदार निसार म्हणाला. "हलतोय त्यो. उद्या अडगळीत टाकणार हाईत."

"वाऱ्यानं हलत असंल की."

"खिडकी कुठं हाय?"

खिडकी नव्हती.

कर्र...

पाळणा हलला. कुणी हात लावला नव्हता.

"ह्यातलं पहिलं पोर एका रात्रीत गेलं म्हणं," निसार पुटपुटला. "बारसं बी झालं न्हाय."

कर्र... कर्र...

बाहेरच्या रिक्षांचा आवाज अचानक बंद झाला.

मग रडणं... बारीक. बसलेल्या घशातलं.

निसार पळाला. अनुजा दाराकडं धावली. "आजी, चल की!"

पण झुंबरबाई जागची हलली नाही.

"अडगळीत टाकत्यात व्हय? एकदा टाकलंय तेवढं बास झालं!"

ती पाळण्याजवळ गेली.

"रडू नगंस. आत्या न्हाय तर न्हाय. मी हाय की! ह्याच पाळण्यातली."

तिनं वाकून आत डोकं घातलं. आत गार होतं... आणि दुधाचा वास.

"कुर्र... तुजं नाव जोतीराम."

रडणं थांबलं.

बारशाला आत्या नाव सांगायला वाकली, की बायका हसत हसत तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. रीतच आहे आपली.

झुंबरबाईच्या पाठीत बुक्की बसली.

मग दुसरी. मग कितीतरी... एकदम. सगळ्या बारक्या मुठींच्या.

"अनुजे, पुरं की गं!"

"आजी... मी दारात हाय."

झुंबरबाईनं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळणा उचलायला माणसं आली, तेव्हा झुंबरबाई पाळण्याला घट्ट धरून खाली बसली होती. "आधी मला उचला," म्हणाली. माणसं परत गेली. पाळणा अजून तिथंच आहे.

ती दर गुरुवारी जाते.

"आता कशाला जातीस?" अनुजा विचारते.

"त्या दिशी एकाचंच नाव ठिवलं. बाकीची पाठीमागं हुबी हाईत की."