अडीच मिलिमीटरचा फरक

ताईंनी मासा तिसऱ्यांदा मोजला. कॅलिपरचं एक टोक तोंडाला, दुसरं शेपटीच्या मुळाशी. आकडा तोच आला. चौऱ्याऐंशी मिलिमीटर.

नोंदवहीत एकोणीस वर्षांपूर्वीचा आकडा होता, साडेएक्याऐंशी. अक्षर त्यांचंच होतं.

"मामा, दार लावून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सरांना बोलवा. हा मासा आपला नाही."

संग्रहाच्या किल्ल्या सांभाळणारे मामा जागच्या जागी थबकले. "आपला नाही म्हणजे? बाटली तीच, लेबल तेच. कुलूप मीच लावलं, मीच काढलं!"

"स्पिरिटमध्ये मासा आकसतो, मामा. मिलिमीटरभर कमी भरला असता तर मी चकार शब्द काढला नसता. हा वाढलाय. मेलेला मासा वाढतो का कुठं?"

मामांनी बाटली उचलून लेबल पुन्हा वाचलं.

ताई तीस वर्षं या खोलीत मासे मोजत होत्या. लांबी, उंची, डोळ्याचा व्यास, परांमधल्या काड्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांना मोजपट्टी म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.  पण हरवलेला मासा साधासुधा नव्हता. त्या प्रजातीचा जगात तेवढा एकच नमुना होता.

ओढ्यातले त्याचे भाऊबंद सडपातळ, चरख्याच्या चातीसारखे. हा मात्र आखूड आणि उंच, जवळजवळ गोल. सरांनी त्याला नवी प्रजाती ठरवलं आणि आपल्या लेकीचं नाव दिलं. मासा तिनंच पकडला होता, बापाबरोबर ओढ्यावर गेली असताना, अकराव्या वर्षी. त्याच वर्षी ती गेली. ताप आला आणि चौथ्या दिवशी घर रिकामं झालं.

आज दुपारी त्या माशाचा एक्स-रे निघायचा होता.

संस्थेच्या संचालकांनी ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "पाचपर्यंत मासा जागेवर दिसला नाही तर पोलिसांना कळवतो. किल्ली कुणाकडे असते? मामांकडे. म्हणजे पहिलं नाव त्यांचंच."

मामांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. ताई परत खोलीत आल्या तेव्हा ते किल्ल्यांचा जुडगा उगाचच पुसत बसले होते.

"मामा, काल खोलीत कोण कोण आलं?"

"सकाळी तुम्ही. मग ती नवी मुलगी. सर दोनदा."

"दुपारी?"

"दुपारी मी जेवायला जातो. अर्धा तास."

"कुलूप लावून?"

मामा क्षणभर घुटमळले. "लावूनच की. नेहमीसारखं."

"दुसरं कुणी आलं होतं?"

"कुणी म्हणजे कुणीच नाही, ताई. देवाशपथ."

नवी मुलगी म्हणजे माशांच्या आकारावर संशोधन करायला आलेली, जेमतेम सव्वीसची. त्या प्रजातीबद्दल शंका तिनंच काढली होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"सगळे माझ्याकडेच बघताहेत," ती म्हणाली. "मी कशाला चोरीन? मला तर तोच मासा हवा होता!"

"कशासाठी? मला नीट सांग."

"मला वाटतं, ती वेगळी प्रजाती नाहीच. ओढ्यातलाच साधा मासा, पण कण्यात दोष असलेला. मणके एकमेकांत दबले की अंग आखूड होतं आणि उंच दिसतं. एक्स-रेत मणके चिकटलेले दिसले की प्रश्न मिटला. नाहीच दिसले, तर पोट उघडून आतली रचना बघायची होती. सरांनी परवानगीवर सही केलीय."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. लगेच मी बाटलीतल्या माशाचा फोटोही काढला."

तिनं फोनवर फोटो दाखवला. ताईंनी तो मोठा केला, मग ट्रेमधल्या माशाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. नमुन्याला लेबल दोऱ्यानं बांधतात. फोटोत दोरा माशाच्या उजव्या कल्ल्यातून गेला होता आणि त्याला आवळ गाठ होती. ट्रेमधल्या माशाला दोरा डाव्या कल्ल्यातून ओवला होता. आणि गाठ नव्हतीच. दोन पाकळ्यांचं फूल होतं, लहान मुलीच्या वेणीला रिबिनीचं बांधतात तसं.

ताईंनी फोन परत दिला.

मग त्या शिकवणीच्या कपाटाकडे गेल्या. तिथं एका मोठ्या बरणीत ओढ्यातले साधे मासे होते, विद्यार्थ्यांना मोजायला शिकवण्यासाठी. वहीत नोंद होती बारा. त्यांनी चिमट्यानं एकेक बाहेर काढला. अकरा भरले. सगळे सडपातळ. जो नव्हता तो बहुधा त्यातल्या त्यात गुबगुबीत असणार, नुसत्या नजरेला फसवेल असा.

सर आपल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. टेबलावर कागदी पुड्यात अर्धवट खाल्लेलं जेवण पडलं होतं.

"सर, बाहेरचं खाताय? आज डबा नाही?"

"डब्याचं झाकण बसत नाहीये म्हणाली ही. दुरुस्तीला टाकलाय." त्यांनी मान वळवली नाही. "ताई, तुम्हाला वाटतं ना, मीच केलं? माझी प्रजाती बुडणार म्हणून?"

"नाही वाटत. एक विचारू? परवा सही केली, ते घरी बोललात?"

"जेवताना बोललो."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. ताट तसंच ठेवून उठली."

 ताईंनी सरांच्याच टेबलावरून त्यांच्या घरी फोन लावला. "वहिनी, मी ताई. जरा याल का? येताना डबा घेऊन या. हो, तोच."

चार वाजता संग्रहाच्या खोलीत सर, मामा आणि ती मुलगी ट्रेभोवती उभे होते. ताईंनी फुलाच्या गाठीवर बोट ठेवलं.

"आपण मासा नेहमी डावीकडे तोंड करून ठेवतो. मोजमाप, चित्र, फोटो, सगळं डाव्या बाजूचं. म्हणून ती बाजू आपण जपतो आणि दोरा उजवीकडून ओवतो. मामांनी आजवर हजारो लेबलं बांधली, हात झोपेतही चुकणार नाही. सरांचा नाही, हिचाही नाही. शिवाय मासा मी मोजणार हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हणजे हे काम बाहेरच्या माणसाचं. पण त्या माणसाला बाटली कुठली ते माहीत होतं, शिकवणीची बरणी माहीत होती आणि मामा जेवायला कधी जातात तेही. मामा, काल दुपारी कुलूप खरंच लावलं होतं?"

मामांचा चेहरा पडला. "वहिनी आत बसल्या होत्या, ताई. सरांचा डबा झाला की येतात, त्या बाटलीसमोर पाच-दहा मिनिटं बसतात. वर्षानुवर्षं. जाताना ओढून घेतात दार. त्या काय परक्या आहेत?" ते अडखळले. "तुम्ही विचारलंत कोण आलं होतं... घरच्या माणसाला कोण मोजतं?"

सरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"आणि आज डबा नाही," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कारण तो रिकामा नाही."

दार उघडंच होतं. वहिनी उंबऱ्यात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. स्पिरिटचा वास खोलीभर पसरला. खालच्या कप्प्यात, पांढऱ्या सुती फडक्यात, तो आखूड, गोल मासा होता.

"ओला ठेवायचा असतो, तेवढं माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"अगं, मला सांगायचंस," सर कसेबसे म्हणाले.

"तेव्हा सांगितलं होतं." वहिनींचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, ताप कशानं आला ते कळायला उघडून बघावं लागेल. मी म्हटलं, नको, माझ्या पोरीला हात लावू नका. तुम्ही म्हणालात, कारण कळायला हवं. सही केलीत. कळलं कारण?"

सरांनी मागची खुर्ची चाचपडून जवळ ओढली.

"नाही कळलं. आणि परवा जेवताना तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. एक्स-रे काढतील, मग पोट उघडतील, सही केलीय. भाजी वाढ म्हणावं तसं म्हणालात."

सर खुर्चीत बसले. आयुष्यभर पायरीवरून घसरू नये म्हणून जपून चालणारा माणूस घसरून बसावा तसे.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. बोलणं त्या नव्या मुलीकडे बघून होतं, पण सांगत होते बायकोला. "कणा दबलेला आहे, हे मासा तपासायला घेतला त्या पहिल्याच आठवड्यात बोटांना लागलं होतं. ती जाऊन महिना झाला होता. मी मुद्दाम एक्स-रे काढला नाही. तिचं नाव कुठंतरी छापून राहावं, एवढंच हवं होतं. परवा सही केली ती थकून केली. एकोणीस वर्षं खोटं बोललो."

वहिनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळल्या.  मग डबा त्यांनी मुलीकडे सरकवला.

"उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "बाहेरून काय दिसतं ते बघ."

"नाही उघडणार, काकू."

संचालकांकडे सर स्वतः गेले. मासा माझ्या घरी होता, चूक माझी, मामांचा काडीचा संबंध नाही, एवढंच बोलले आणि परत आले. मामा कोपऱ्यात डोळे पुसत होते.

एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. शेपटीकडचे सहा मणके एकमेकांत दाबले जाऊन एकच गड्डा झाला होता.

"अशा पाठीनं पोहत होती?" वहिनींनी विचारलं.

"पोहत होती, काकू. पूर्ण वाढ झालेली आहे."

वहिनींनी मान हलवली. "आता नाव खोडणार?"

मुलीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी नोंदवही ओढून घेतली. "आमच्याकडे नाव खोडत नाहीत, वहिनी. खरं नाव वर लिहितात. एकदा छापलेलं चुकीचं नावही त्याच्याखाली लिहून ठेवतात, बारीक अक्षरात. पुढच्या प्रत्येक यादीत ते तसंच येतं."

"कोण लिहिणार?"

"लिहायला मला हवं," सर म्हणाले. त्यांनी पेन उचललं, पण निब एकाच जागी टेकून राहिली आणि शाईचा ठिपका पानावर पसरला. त्यांनी पेन ताईंपुढे केलं.

ताईंनी आधी ओढ्यातल्या साध्या माशाचं नाव लिहिलं. मग खाली, आत सरकवून, दुसरं लिहायला घेतलं.

वहिनी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"बारीक तर बारीक," त्या म्हणाल्या. "पण अक्षर चांगलं काढा हं, ताई."