साक्षीच्या कळ्या

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ऋजुता पाटणकरच्या घरातल्या साक्षीच्या सहाही कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. तिने ते कळवलं, आणि नियमाप्रमाणे चौथ्या दिवशी सरकारी समितीच्या डॉ. हुमेरा मुजावर तिच्या कऱ्हाडच्या घरी आल्या.

साक्षी म्हणजे ऑर्किडचं झाड. दिसायला फुलवाल्याकडे मिळतं तसंच, पांढऱ्या फुलांचं. पण डोळे उघडे असूनही ओळख न देणाऱ्या, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी ते ठेवायचा कायदा झाला होता. साध्या ऑर्किडला पुन्हा फुलायचं असेल तर काही आठवडे गारवा लागतो. गारवा मिळाला की पानांच्या बेचक्यातून फुलांचा दांडा फुटतो. शास्त्रज्ञांनी गारवा ओळखणाऱ्या त्या यंत्रणेला श्वास ओळखायला शिकवलं, एवढंच. मन जागं असलेल्या माणसाच्या श्वासात काही वायू लेशभर असतात. मन विझलं की ते नाहीसे होतात, श्वास मात्र चालू राहतो. या वायूंना नाव पडलं जागगंध. रोप ज्याच्या श्वासावर रुजवलं त्याचाच जागगंध ते ओळखायचं, घरातल्या दुसऱ्या कोणाचा नाही. तो आठ आठवडे अखंड मिळाला की दांडा फुटे आणि पुढे कळ्या येत. फुलं उमलली तर माणूस आत जागा आहे, अन्नपाण्याची नाकातली नळी चालू ठेवायची. कळ्या गळाल्या तर आत कोणी उरलेलं नाही, नळी काढायची.

ऋजुताचा नवरा निनाद तीन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला होता. तेव्हापासून साक्षी पाच वेळा फुलली. पहिल्यांदा ऋजुताने आळीत पेढे वाटले. पाचव्यांदा फुलांचा फोटो समितीला पाठवला आणि कपडे वाळत घातले. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. लोक म्हणत, बाई मोठी खंबीर. म्हणायला लोकांचं काय जातं!

डॉक्टरांनी गळालेल्या कळ्या चिमट्याने डबीत भरल्या.

"ताई, घरात मध्यंतरी काही बदल? नवा रंग, धूर, कीटकनाशक?"

"काही नाही. दरवर्षीसारखंच आहे सगळं."

यात खोटं काही नव्हतं. कोकणातल्या पावसहून भाऊजी, म्हणजे निनादचे मोठे भाऊ, दरवर्षी हापूसची पेटी धाडत, तशी आली. गवतात आंबे मांडून अढी घालायची, तशी घातली. फक्त एरवी ती माळ्यावर असे, यंदा ऋजुताने निनादच्या खाटेखाली घातली होती. हिंडताफिरता होता तेव्हा हा बाबा दिवसातून दहादा माळ्यावर चढून एकेक आंबा हुंगायचा. वासाने तरी याला बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं. अख्ख्या वर्षात तिला काही वाटलं असेल तर ते एवढंच.

"हापूसचा घमघमाट सुटलाय मात्र," डॉक्टर म्हणाल्या.

"कापते."

"नको हो ताई, आज कसं..."

"दारी आलेलं माणूस मे महिन्यात आंबा न खाता जातं का?"

डॉक्टरांनी उभ्या उभ्या दोन फोडी खाल्ल्या, हात धुतले आणि कागदावर सही केली. नंतर त्या ऋजुताचा हात धरून म्हणाल्या, "कळ्या भरताना जागगंध संपला, तरच झाड त्या टाकतं. त्यांना आता काही कळत नाही, ताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

ऋजुताने खाली सही केली. मनाला लावून घ्यायला मन जागेवर तरी हवं.

नळी निघाली. सातव्या दिवशी साक्षीची पानं पुसताना तिला बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. मूळ असेल, असं म्हणून तिने फडकं पिळलं. नवव्या दिवशी निनाद गेला. भाऊजी रडले, शेजारपाजारचे रडले. ऋजुताने सगळ्यांना चहा केला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा ते टोक बोटभर वाढून वर वळलं होतं. मूळ खाली जातं. हा दांडा होता. तिने डॉक्टरांना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या आणि दांड्याकडे बघत राहिल्या.

"पहिल्यांदा कधी दिसला?"

"नळी काढल्यावर सातव्या दिवशी."

डॉक्टरांनी बोटांच्या पेरांवर आठवडे मागे मोजले. आठ आठवडे, एका दिवसाचाही खंड नाही. त्यात कळ्या गळाल्याचा दिवस होता, सहीचा दिवस होता, आणि नळी काढल्यानंतरचे सात दिवसही होते.

"मग कळ्या का गळाल्या?" ऋजुताने विचारलं.

डॉक्टरांची नजर खोलीभर फिरली आणि खाटेखाली उरलेल्या गवताच्या काड्यांवर थांबली.

"आंबे कुठे होते, ताई?"

"इथेच. खाटेखाली."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो. इथिलीन. अढीत एक आंबा पिकला की शेजारचा पिकतो, तो त्यानेच. त्याच वायूने ऑर्किडच्या कळ्या गळतात. पोरांना पहिल्या वर्षी शिकवते मी हे." त्यांचा आवाज चिरकला. "प्रयोगशाळेत फळ न्यायला बंदी असते, त्यामुळे तिथे असं कधी झालं नाही. आणि मे महिन्यात तर घरोघरी हाच वास. मीच इथे उभी राहून आंबा खाल्ला हो! दोन वर्षं मे महिन्यात सह्या करत हिंडतेय मी. किती घरं झाली असतील..."

त्या रडू लागल्या. ऋजुताने त्यांना पाण्याचा पेला आणून दिला.

"डॉक्टर, म्हणजे त्याला वास येत होता?"

"कसला?"

"आंब्यांचा."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "येत असणार."

ऋजुताने मान हलवली. तिने तशाच सपाट आवाजात विचारलं, "आणि नळी काढल्यावर तहान?"

पेला डॉक्टरांच्या हातात तसाच भरलेला राहिला.

बुधवार होता. बुधवारी साक्षीला पाणी घालायचं असे. ऋजुताने तांब्या भरून आणला आणि झाडाच्या मुळाशी हळूहळू रिता केला.