फोन ठेवल्याशिवाय

"मॅडम, आज मी चौथ्यांदा फोन करतोय. आधीच्या तिघांवर माझा राग नाही... तुमच्यावरही नसेल, बहुतेक."

मंगळवारी दुपारी तीन वाजून सोळा मिनिटांनी हा आवाज माझ्या कानात आला. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात सतत सेकंद पळत असतात. मोबाइल कंपनीच्या मदत केंद्रात आम्ही चाळीस जण एका हॉलमध्ये बसतो. डोक्याला हेडफोन, समोर पडदा आणि एका फोनला सहा मिनिटं. सहाच्या पुढे गेलं की आमच्या टीम लीडर बाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात. आपसात आम्ही त्यांना स्टॉपवॉच म्हणतो. त्या मागे आल्या की मला घाम फुटतो. तसा तो मला कशानेही फुटतो म्हणा. घराला कुलूप लावलं की नाही, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणाऱ्यांतली मी.

त्याने भराभर सगळं सांगितलं. डोंगरात एका बोगद्याचं काम चालू होतं, तिथे तो मोजणीला होता. त्या भागात फक्त आमच्या कंपनीचा टॉवर पोचत होता, म्हणून कालच त्याने आमचं सिम घेतलं. फोन लागत होते, पण इंटरनेट काही केल्या सुरू होत नव्हतं, आणि त्याला व्हिडिओ कॉल करायचा होता. मी शिकवल्याप्रमाणे म्हटलं की सेटिंग चोवीस तासांत आपोआप येतं.

"चोवीस तास नाहीत माझ्याकडे. चार वाजता आईचं ऑपरेशन आहे."

"मग साधा फोन करा ना, सर. तो तर लागतोय."

"आईला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "जन्मापासून. आम्ही हातांनी बोलतो."

मी जीभ चावली. पुढचं त्याने फार सावकाश सांगितलं. ऑपरेशन शुक्रवारी होणार होतं, ते अचानक आजवर आलं. दरड कोसळून त्याचा रस्ता बंद झाला होता. आईजवळ त्याची मावशी होती, पण मावशीला हातांनी तीनच गोष्टी सांगता यायच्या : खा, झोप आणि चल. आपल्याला काय करणार आहेत हे आईला कुणीच समजावू शकत नव्हतं. ती पलंगाची कड धरून बसली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. आजची पाळी गेली तर पुढची दोन आठवड्यांनी, आणि डॉक्टर म्हणत होते, दोन आठवडे थांबता येणार नाही.

मी खुर्चीत पुढे सरकले. आवाज मात्र मी नेहमीचाच ठेवला, त्याचाच पगार मिळतो मला.

"सेटिंग्ज उघडा. नेटवर्क आणि इंटरनेट. त्यात सिम. आता अगदी खाली या, ॲक्सेस पॉइंटची नावं."

"आहे. पहिल्या बाईंनी सांगितलं ते मी टाकलं होतं. बाकीच्या दोघांनी तेच वाचून घेतलं आणि फोन बंद करून चालू करायला लावला."

मीही वाचून घेतलं, एकेक अक्षर. सगळी लहान लिपीत, टिंब एकच, योग्य जागी. कुठेच चूक नाही. कोपऱ्यात सहा मिनिटं उलटून गेली आणि माझ्या खुर्चीमागे कुणाचे तरी बूट थांबले.

"शब्द पूर्ण टाइप केलात, की कीबोर्डने सुचवलेला घेतला?"

"अर्धा मी केला. उरलेला त्याने पुढे केला, तो घेतला. का?"

"शेवटच्या अक्षराजवळ बोट टेकवा. रेघ कुठे लुकलुकतेय? अक्षराला चिकटून?"

"नाही... जरा पुढे. मध्ये थोडी जागा आहे."

सुचवलेला शब्द घेतला की कीबोर्ड आपणहून पुढे एक जागा सोडतो. वाचताना ती कुणाला दिसत नाही, पण फोनला तो वेगळाच पत्ता वाटतो.

"ती पुसा," मी म्हटलं.

"मॅडम, तिथे काहीच नाहीये. काय पुसू?"

"जे नाहीये तेच पुसायचंय."

तो हसला. इतक्या धास्तीतही हसला. मग मी त्याला वरच्या तीन टिंबांतून सेव्ह करायला लावलं, नावापुढच्या गोलावर बोट ठेवायला लावलं. गोल भरला, म्हणाला.

"आता फोन बंद करून पुन्हा चालू करा."

"म्हणजे तुम्हीही बंद."

"हो. फोन ठेवल्याशिवाय नाही सुरू होणार."

"आणि नाहीच झालं तर? परत केला तर तुम्हीच उचलाल?"

इथे 'नक्की होईल, सर' म्हणायचं असतं. मला ते म्हणवेना. फोन ज्याचा मोकळा असेल त्याच्याकडे जातो, आणि दुसऱ्या शहरातही आमची एक शाखा आहे. मी 'नाही' म्हणाले.

"मग सुरू झालं की कळवू कसं?"

"कळवायची सोय नाही."

"कळवेन," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

नाव सांगायची परवानगी नव्हती, फक्त खुर्चीचा नंबर. "सतरा नंबर," मी म्हटलं.

"सतरा... बरं. ठेवू?"

"ठेवा."

कुणीच ठेवला नाही. त्याच्याकडे वारा वाहत होता, तो मला ऐकू येत होता.

"सर, तीन पस्तीस झालेत."

आवाज तुटला. पुढच्याच सेकंदाला एक आजोबा कानात आले, त्यांना रिंग वाजताना येणारं गाणं नको होतं. ते काढता काढता चार वाजले, आणि मी आजोबांना दोनदा 'काळजी करू नका' म्हणाले. ते म्हणाले, गाण्याची कसली काळजी.

बुधवार गेला. गुरुवार गेला. मी प्रत्येक फोन उचलताना आधी श्वास धरायची. घरी आई म्हणाली, तोंड का उतरलंय, कुणी बोललं का. मी डोकं दुखतंय म्हटलं. खरं म्हणजे त्याचा नंबर मला पाठ झाला होता. पाठ करायचा नव्हता, पण अंकच तसे होते, म्हणजे मी स्वतःला तसं सांगत होते. पण ग्राहकाला स्वतःच्या फोनवरून फोन केला की नोकरी गेली, इतका सरळ नियम. त्याची आई ट्रॉलीवर चढली असेल का? त्याचे हात तिला दिसले असतील का? आणि मला एवढं का लागलंय, रोज शंभर माणसं बोलतात माझ्याशी... याचं उत्तर मी जाणूनबुजून शोधत नव्हते.

शुक्रवारी स्टॉपवॉचबाईंनी मला बोलावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्याचा नंबर. पुढे नऊ नोंदी. तीन दिवसांत नऊ फोन, सगळे दुसऱ्या शाखेत गेलेले, आणि कारणाच्या खान्यात नऊ वेळा तेच : मोबाइल इंटरनेट.

"याचा अर्थ कळतो ना तुला?" त्या म्हणाल्या.

कळत होता. तीन दिवसांत तोच ग्राहक परत आला तर काम झालेलं नाही असं धरतात, आणि चूक 'काम झालं' अशी नोंद करणाऱ्याची. म्हणजे इंटरनेट सुरू झालंच नव्हतं. आईने त्याला पाहिलंच नव्हतं. ती पलंगाची कड धरून बसून राहिली असेल आणि इकडे मी मोठ्या तोऱ्यात म्हणत होते, जे नाहीये तेच पुसा. मी तोंड धुवायला गेले ते दहा मिनिटं बाहेर आले नाही.

अशा वेळी ज्याची चूक त्यानेच ग्राहकाला फोन करायचा, कंपनीच्या लाइनवरून, आणि बाई शेजारी बसून ऐकणार. मी नंबर लावला. एकच रिंग गेली.

"नमस्कार, मी सतरा—"

"सापडलात," तो म्हणाला.

"सर, मी मनापासून माफी मागते. माझ्या चुकीमुळे..."

"कसली चूक? तीन एकोणचाळीसला सुरू झालं."

तो सांगत सुटला. आई मावशीच्या फोनवर त्याला बघून आधी दाढी वाढवल्याबद्दल रागे भरली. मग त्याने कुठे कापणार, किती वेळ झोपवणार, जाग आल्यावर कुठे दुखेल, सगळं हातांनी सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले. मग पलंगाची कड सोडली आणि स्वतःच ट्रॉलीवर जाऊन आडवी झाली. ऑपरेशन चांगलं झालं. काल तिने दोन घास खाल्ले.

"मग हे नऊ फोन?" मी कसंबसं विचारलं.

"कळवेन म्हटलं होतं ना. इंटरनेट सुरू करून देणाऱ्या सतरा नंबर द्या म्हणायचो, प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी निघायचं."

"त्या नऊ फोनांमुळे माझ्या नावावर नऊ चुका चढल्यात."

तो हळूच म्हणाला, "बापरे. काय केलं म्हणजे उतरतील?"

"मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. तुमच्या तक्रारीचं निवारण झालं का? हो किंवा नाही."

"हो म्हटलं की तुम्ही फोन ठेवणार."

"हो."

"मग नाही."

बाईंनी घसा खाकरला. माझे कान तापले. "सर, हे संभाषण रेकॉर्ड होतंय," मी म्हटलं.

"मग नीट बोलतो. आई विचारतेय, फोन कुणी सुरू करून दिला. आमच्याकडे माणसाला हाताने नाव ठेवतात, त्याला बघून. मिशीवाल्या काकाला मिशी, लंगडणाऱ्या शेजाऱ्याला त्याची चाल. मी तिला बोटांनी एक आणि सात दाखवतोय, ती म्हणते हे काय नाव झालं? बघितल्याशिवाय मी सांगू काय तिला..." तो थांबला. "आणि नुसतं आईचंच नाही. आवाजावरून मला माणूस कधी कळत नाही. चेहरा लागतो. पण तुमचा आवाज तीन दिवस डोक्यातून जात नाहीये."

मी पडद्याकडे बघत राहिले. सेकंद पळत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांची पर्वा नव्हती.

"उद्या रस्ता सुटतोय," तो म्हणाला. त्याने हॉस्पिटलचं नाव सांगितलं, बायकांचा वॉर्ड, दुसरा मजला. "रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. ते तुमच्या शहरात आहे की नाही, मला माहीत नाही. येणं जमेल की नाही, तेही विचारत नाही. आणि हो. निवारण झालं. पूर्ण झालं. आता ठेवा तुम्ही, चुका उतरू देत."

मी ठेवला. ते हॉस्पिटल माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर होतं.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "रविवारी सुट्टी आहे ना तुझी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पुढचा फोन घे."

रविवारी मी तीनदा कपडे बदलले आणि बसमधून एक थांबा आधीच उतरले, विचार करायला वेळ मिळावा म्हणून. तो मिळायला नको होता. माझा चेहरा माझ्या आवाजासारखा नसला तर? समोर लिहिलेलं काही नसताना मी बोलणार काय? जिन्यात दोनदा मागे फिरले. दुसऱ्यांदा मागून ट्रॉली येत होती म्हणून वर जावं लागलं.

वॉर्डात बारा खाटा होत्या आणि प्रत्येकीभोवती गलका. फक्त खिडकीजवळच्या खाटेवर कसलाच आवाज नव्हता. तिथे दोन जण जोरजोरात गप्पा मारत होते, हातांनी, भुवयांनी, सगळ्या चेहऱ्याने. तो उन्हाने रापलेला, दाढी गुळगुळीत केलेली. मला ओळखीच्या वाटल्या त्या फक्त त्याच्या बोलण्यातल्या थांबण्याच्या जागा.

मी दारातच उभी. तोंड उघडलं, पण घशातून काही निघेना. घाबरले की माझा हात हेडफोन दाबायला कानाकडे जातो, तसा तो गेला. कानावर काहीच नव्हतं.

पहिल्यांदा बघितलं ते त्याच्या आईने. तिने त्याच्या मनगटावर टिचकी मारली. तो वळला.

"सतरा?"

मी मान डोलावली. मावशींनी स्टूल पुढे सरकवलं, मी बसले. त्याच्या आईने मला अगदी निवांत बघून घेतलं. मग तिने तळहात वाटीसारखा करून कानामागे धरला आणि मान जरा कलती केली. असं दोनदा. त्याचे डोळे एकदम भरून आले.

"काय म्हणाल्या काकू?" माझा आवाज आला एकदाचा.

"नाव ठेवलं तुम्हाला."

"नाव ठेवलं, की नावं ठेवली?"

तो हसला, तोच फोनमधला. "नाव. 'ऐकणारी'."

दिवसाला शंभर माणसांशी बोलण्याचं माझं काम, आणि मी ऐकते हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण ते मंगळवारीच झालं होतं. कळायला रविवार उजाडला इतकंच.

पावणेदोन तास कुठे गेले समजलं नाही. काकूंनी मला 'खा' शिकवलं, 'पुरे' शिकवलं, आणि मुलाकडे बोट दाखवून 'हट्टी' शिकवलं. मध्येच त्या डोळे मिटून पडल्या तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मला तुमच्याशी रोज बोलायचंय. तक्रार नसताना."

"सहा मिनिटं?"

"एवढ्यात तर मी फोन ठेवायलाही तयार होत नाही."

मी त्याला माझा नंबर दिला. त्याला आकडे सांगताना माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला.

सहा वाजता नर्सबाई सगळ्यांना बाहेर काढू लागल्या. मी उठले, काकूंचा हात हातात घेतला आणि दारापर्यंत आले. तिथे मागे वळून पाहिलं. तो खाटेजवळ उभा होता. बारा खाटांच्या गलक्यापलीकडून त्याने तळहात कानामागे धरला आणि मान कलती केली.

मी आत वळले, तशी नर्सबाईंनी हात आडवा घातला. "वेळ संपली. परत कुठे निघालात?"

"त्यांनी हाक मारली मला."

"कुणी? मला तर काही ऐकू आलं नाही."

"मला आलं," मी म्हणाले, आणि त्यांच्या हाताखालून आत गेले.