अर्ध्या मिनिटाचा ठिपका

रक्त तपासणाऱ्या मामांचा यंत्रावर विश्वास नव्हता. यंत्राचाही मामांवर नसावा. सातव्या खाटेवरच्या बाईंच्या रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट भरपूर आहेत, असा यंत्राने निर्वाळा दिला होता.

"भरपूर तर कचेरीत माणसंही असतात," मामा म्हणाले. "कामाला किती येतात ते बघायचं."

दुपारी बाईंच्या पोटातली गाठ काढायची होती. पण पूर्वी दात काढल्यावर त्यांचं रक्त दोन दिवस थांबलं नव्हतं, म्हणून डॉक्टर अडून बसले होते. मामांनी जुनी रीत वापरली. बोटाला टोचलं आणि दर अर्ध्या मिनिटाला थेंब टीपकागदाने टिपला. ठिपके बारीक होत गेले. सहाव्यानंतर बोट कोरडं. मामांनी 'ठीक' लिहून सही ठोकली आणि कागद घेऊन ते जेवायला आपल्या खोलीत आले.

बाहेर धुकं दाटलं होतं. डबा उघडताना स्पिरिटच्या वासात ओल्या लोखंडाचा वास मिसळला. टेबलावरच्या कागदावर सातवा ठिपका होता.

मामा घड्याळाकडे बघत राहिले. अर्ध्या मिनिटाने आठवा उमटला... मग नववा. एकही बारीक होईना.

तेव्हा त्यांना आठवलं. भुकेच्या घाईत त्यांनी कागद बोटावर दाबला होता. कागद थेंबाला लावायचा, जखमेला नाही. दाबलं की रक्त खोटंच थांबतं. तीस वर्षं हेच ते दुसऱ्यांना शिकवत आले होते.

त्यांनी फोन उचलला.

"मामा, बोट तर कोरडं आहे," डॉक्टर वैतागले. "बाईंना आत घेतलंय."

"सुरी लावू नका... मी दाबून टिपलंय. चूक माझी."

शस्त्रक्रिया थांबली. पुन्हा टोचलं, तर पंधरा मिनिटं रक्त थांबेना. पुढच्या तपासण्यांत निदान झालं: प्लेटलेट एकमेकींना धरतच नाहीत. दोष जन्मजात.

"वाचली बाई," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या नात्यात उतरतं हे. मुलीलाही बोलावून घ्या, सहा वर्षांची आहे."

कागदावरचे ठिपके आता थांबले होते. मामांनी तो फाईलला लावायला उचलला. खाली दुसरी ओळ सुरू झाली होती. लहान बोटाचे असावेत, असे तीन ठिपके.

बाईंच्या घरी बहिणीने फोन घेतला.

"छोटी ना? ही काय, समोर खेळतेय."

"हात बघा तिचे... नीट बघा."

"बघितले. साधं खरचटलेलंही नाही. का हो?"

मामांनी कागदाकडे पाहिलं. चौथा ठिपका उमटला होता, पहिल्या तिन्हींएवढाच.