पडद्यामागची बाजू

सगळ्या बाया रडत होत्या आणि मी तेवढी हसत होते. तंबूत, भर सिनेमात, पडद्यावरची सून सासरच्या उंबऱ्यावर डोकं आपटून रडत असताना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू निसटलंच. शेजारी शांताक्का — माझी आत्या, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं — एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्यानं मला चिमटे काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विहिरीवर एक तरुण दोन घागरी घेऊन आला. उंच, सावळा, कपाळावर विभूती, बोटं तेलानं काळी झालेली. हा नळदुर्गाकडचा कल्याणप्पा, सिनेमाच्या यंत्रावर बसणारा. तंबूचं इंजिन तापायचं, त्याला पाणी लागायचं, आणि आमच्या भूम गावाच्या त्या माळाला सगळ्यात जवळची विहीर आमची. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला पाणी न्यायला मोकळीक दिली होती. मला वाटलं, पाणी घेईल आणि जाईल. पण त्यानं घागरी खाली ठेवल्या.

"काल हसलं कोण?"

मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हणाले, "हसायची बंदी हाय का? तशी दवंडी न्हाय दिली तुमी."

"बंदी न्हाय. पण आमचे मालक बायांच्या बाजूला कान लावून बसतात. बाया रडल्या तर खेळ चालतो, न्हाय रडल्या तर तंबू उठतो. काल एवढ्या रडण्यात एक हसणं ऐकलं, तवापास्नं मालक जेवले न्हाईत."

तो हसत नव्हता. डोळे मात्र हसत होते. आता मी काही सिनेमातली जाणकार नव्हे. जन्मात तीन खेळ पाहिलेले. पण मत द्यायला जाणकारी कशाला लागते? जेवणाऱ्याला चव कळते, त्याला स्वयंपाक यावा लागतो थोडाच. मी राखेचा हात तसाच धरून सांगून टाकलं, "ती बाई अकरा वेळा रडली, म्या मोजलं. तिनंच समदं रडून घेतलं, मग आमी काय करायचं?"

"मग रडू कवा येतं?"

कुणी असं विचारलं नव्हतं मला कधी. मी त्याला आप्पांचं सांगितलं. आई गेली त्या दिवशी आप्पा रडले नाहीत. ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत बसले. खडे संपले, तर निवडलेली तूर पुन्हा निवडायला घेतली. तोवर मी कोरडी होते, ते पाहिलं आणि मला रडू फुटलं. सिनेमातल्या माणसांनीही तसंच करावं, असं माझं म्हणणं. दुःख झालं की हाताला काहीतरी काम द्यावं आणि तोंड बंद ठेवावं.

कल्याणप्पानं ऐकता ऐकता दोन्ही घागरी भरल्या. मग निघून गेला. त्या दिवशी तो एक घागर विहिरीवरच विसरला आणि तासाभरानं ती न्यायला परत आला. आता यंत्र चालवणारा माणूस इतका विसराळू कसा, हे मी स्वतःला विचारलं... आणि उत्तर आवडलं म्हणून पुढं विचारायचं सोडून दिलं.

मग रोज सकाळी तेच. त्यानं प्रत्येक खेळ शंभरदा चालवला होता, पण नजर कायम दिव्यावर आणि रिळावर. गोष्ट अशी त्यानं पाहिलीच नव्हती. माझं ऐकून तो पाहायला लागला. एकदा म्हणाला, मरायला टेकलेला म्हातारा अडीच मिनिटं गातो, घड्याळ लावून बघितलं. मी म्हटलं, एवढा दम असेल तर मरतो कशाला. दुष्ट माणसाबद्दल आमचं भांडण झालं. त्याला वाटायचं, दुष्ट जितका काळा तितका खेळ रंगतो. मी म्हणायची, दुष्टालाही आपलं बरोबर वाटत असलं पाहिजे, आमच्या शांताक्काला वाटतं तसं. शांताक्का तेव्हा दारातच होती, हे मला नंतर कळलं.

"मग आमच्या खेळात चांगलं काईच न्हाय व्हय?" त्यानं एकदा विचारलं.

"हाय की. पोरगी सासरी निघायच्या आधी बापाला शेवटचं जेवायला वाढती. दोघं बी रडत न्हाईत. बाप म्हणतो, आज मीठ कमी पडलं गं... बास. तेवढंच खरं हाय." मी जरा थांबले. पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं. "अन् दुसरं एक हाय. ती माणसं मला आपली वाटतात. समदी डावरी हाईत म्हणून."

त्याच्या हातातला दोर थांबला.

मी डावखुरी. शांताक्कानं लहानपणी माझा डावा हात फडक्यानं बांधून ठेवला होता, तरी हात वळला नाही. डाव्या हातानं वाढणारी सून कुणाला चालते? दोन स्थळं त्यावरूनच मोडली, आणि अठरावं सरलं तरी मी आप्पांच्या घरीच. आता ईट गावच्या एका व्यापाऱ्याचं स्थळ आलं होतं. बाजारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं बघायला येणार होती, आणि शांताक्का मला रोज उजव्या हातानं वाढायचा सराव करायला लावत होती. यावेळी लपवायचं आणि उरकायचं, असं ठरलं होतं. तंबूचा परवाना बाजारच्या दिवशीच संपत होता, म्हणजे कल्याणप्पाही जाणार होता. हे दोन्ही आम्हाला ठाऊक होतं, आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

"ईटच्या लोकांना म्या सांगणार हाय," मी म्हटलं. "सिनेमातली एवढी मोठी माणसं डाव्या हातानं जेवतात, माळ घालतात, लिवतात. मग माझ्यात काय खोट हाय?"

त्यानं घागर अर्धीच भरली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या हातात फिल्मचा एक तुटलेला तुकडा होता. उन्हात धरून त्यानं मला दाखवला. पोरगी बापाला भाकरी वाढत होती, डाव्या हातानं. मग त्यानं तुकडा उलटा केला. तीच पोरगी, तीच भाकरी... उजवा हात.

तंबूत मधोमध पडदा असायचा. पुढं गडी, मागं बाया, अशीच रीत होती आमच्याकडं. पडदा पाण्यानं भिजवला की मागूनही चित्र लख्ख दिसे, पण उलटं. मी तिन्ही खेळ मागूनच पाहिलेले. पडद्यावरची अक्षरं उलटी दिसत, ती मी उर्दू समजत होते. आमच्या निजामाच्या राज्यात कचेरीच्या पाटीपासून सगळीकडं उर्दूच, आणि उर्दू उजवीकडून चालते एवढं मला माहीत होतं.

"पाव्हण्यांपुढं बोलला असता तर हसले असते ते तुमाला," तो म्हणाला. "म्हणून सांगितलं."

"अन् तुमी काल हसला असाल."

"न्हाय. तुमी सांगत होता तवा... खरं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं."

मला ते ऐकायचं नव्हतं. जगात एक जागा होती, जिथं मी चुकीची नव्हते. ती या माणसानं एका तुकड्यानं काढून घेतली. मी घरात निघून गेले आणि दोन दिवस विहिरीवर फिरकले नाही. तो येत होता. घागर दगडाला लागल्याचा आवाज मला ऐकू यायचा, उगाच दोन-तीनदा.

बाजारच्या दिवशी शेवटचा खेळ. मी जाणार नव्हते, पण शांताक्कानं ओढून नेलं. तंबूच्या दाराशी गोंधळ चाललेला. आज बाया पुढं आणि गडी मागं! बाजारामुळं बाया जास्त, आणि पुढची जागा मोठी, असं कल्याणप्पानं मालकाला पटवलं होतं. गडी कुरकुरत मागं जाऊन बसले. त्यात आमचे आप्पाही होते. आप्पा जन्मात सिनेमाला गेले नव्हते. त्यांना कल्याणप्पानं दुकानात जाऊन हात जोडून बोलावलं होतं.

मी पहिल्यांदा सिनेमा सुलट बाजूनं पाहिला. सगळी माणसं उजव्या हाताची. मला परकी वाटली. पण पोरगी बापाला वाढायला बसली तेव्हा मी हाताकडं पाहायचं विसरून गेले. बाप म्हणाला, मीठ कमी पडलं... आणि पडद्याच्या पलीकडून कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं. तो आवाज मी ओळखते. ते आप्पा होते.

सकाळी माळावर तंबू उतरवत होते. आप्पांची पूजा नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात कल्याणप्पा ओसरीवर आला. हात जोडून शरणार्थ म्हणाला, आप्पांनी बसायला सांगितलं. मी दाराआड. आप्पा कालच्या खेळावर बोलायला लागले. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वाढायच्या प्रसंगाशी आले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

"कंच्या हातानं वाढलं तिनं?" कल्याणप्पानं विचारलं.

"हाताकडं कोण बघतंय? म्या बापाकडं बघत होतो."

"डाव्या हातानं, आप्पा. तुमच्या बाजूनं समदं उलटं दिसतंय. म्या मुद्दाम बसवलं तुमाला तिकडं. दोनशे गडी होते. एकानं बी म्हणलं न्हाय, पोरगी डावरी हाय म्हणून."

 आम्ही लिंगायत, पूजेला इष्टलिंग घ्यायचं ते डाव्या तळहातावर. आप्पांनी आपला डावा हात उघडून पाहिला.

"रोज सकाळी शिव ह्याच हातावर घेतो म्या," ते हळूच म्हणाले. "अन् पोरीचा हात बांधून ठेवला." आतल्या खोलीत शांताक्काचा पोळपाट गप्प झाला.

मग कल्याणप्पानं स्वतःचं सांगितलं. दिवाळीपासून सोलापुरात पक्क्या थिएटरात नोकरी लागली होती, फिरणं संपणार होतं. पुढं त्याला सुचेना. "लांबलचक बोलत न्हाय... आत कोणतरी हसंल," तो म्हणाला. "तुमच्या सिद्धम्माला मागायला आलोय."

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

आप्पा उठले. खुंटीवरचा रुमाल घेऊन डोक्याला गुंडाळायला लागले. "ईटकरांना आदी शबूद दिलाय. तो मोडून दुसऱ्याला पोरगी देणं बरं न्हाय. पण लपवून बी देणार न्हाय आता. म्या सोता जातो अन् सांगतो, पोरगी डावरी हाय. न्हाय म्हणाले, तर मग तुझं बघू."

हे बोलणं सरळ होतं, आप्पांच्यासारखं. कल्याणप्पानं मान हलवली आणि आपल्या काळ्या बोटांकडं पाहत बसला. सुनेनं अकरा वेळा रडावं एवढा मला त्याचा राग आला. एकेक खेळ शंभरदा चालवून या माणसाला इथं काय विचारायचं ते कळू नये! आप्पांनी एका पायात वहाण घातली. ती ईटच्या वाटेला लागली की संपलं. मी ओसरीवर परक्या माणसांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण कडी सोडली आणि बाहेर आले.

"आप्पा... अन् ते व्हय म्हणाले तर?"

आप्पा एका पायावर तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कल्याणप्पाकडं, मग परत माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही. घालायला हवी होती, घातली नाही.

"शांता," आप्पांनी आत हाक मारली, "दुकानातल्या गुंडप्पाला ईटला धाड. म्हणावं, आमचं चुकलं, येऊ नका." मग त्यांनी पायातली वहाण काढली, कल्याणप्पाच्या समोर मांडी घालून बसले आणि त्याला त्याच्या बापाचं, आज्याचं नाव विचारायला लागले.