नणंदेचा श

"खालचं टोचतंय म्हणते आई," असं म्हणत त्याने रुमालातली कवळी काउंटरवर ठेवली, मागच्या फळीकडे पाहिलं, आणि पुढचं बोलणंच विसरला.

फळीवर जबडे होते. प्लास्टरचे, पांढरे, ओळीने मांडलेले. कवळ्या बनवणाऱ्यांकडे दुसरं काय असणार... पण हा एकाच जबड्याला खिळला होता. त्याचे सुळे बोटभर लांब होते आणि मधले दोन दात तुटके.

"ही... थोरली नणंद आहे का?"

"हो," काउंटरमागची मुलगी मास्कच्या आतून म्हणाली. "ओळखता?"

"तीनदा पाहिलाय."

'थोरली नणंद' हा नुकताच आलेला स्वस्तातला भयपट. एक घर, चार माणसं, एक भूत. भुताचे दात तिने बनवले होते, पण सिनेमा काही पाहिला नव्हता. तिला भुतांची मनापासून भीती वाटायची. दात बनवून द्यायचे आणि विषय संपवायचा, असा तिचा हिशोब.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उरलेल्या वेळात कमी पैशांत काढलेले भयपट बघायचा आणि एका छोट्या वेबसाइटवर त्यांच्याबद्दल मतं लिहायचा. ती मतं आता कवळीबरोबर दर आठवड्याला दुकानात यायला लागली.

*'लिफ्टमध्ये आठवा'बद्दल मत.* दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टचं दार असं उघडत नाही. उघडलंच, तर मांत्रिकाआधी मला बोलवा. पण शेवटची दहा मिनिटं अंधारात नुसता श्वास ऐकू येतो, त्याला माझ्याकडून शंभरपैकी शंभर.

*'ओला टॉवेल'बद्दल मत.* पैसा असला की भूत दाखवतात. नसला की दार दाखवतात, आणि मी दाराला जास्त घाबरतो. इथे टॉवेल दाखवलाय. टॉवेलनेही काम चोख केलंय.

ती कवळी घासता घासता ऐकायची. मधूनच हसायची. मास्क असल्यामुळे हसणं डोळ्यांतच अडकायचं, आणि तो नेमका तिथेच बघत असायचा.

"त्याच्या आईचे दात तू एवढे घासलेस," मामा म्हणाला, "की आता तिला पेजेवर राहावं लागेल." मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आणि दुकानाचा मालकही.

"टोचतंय म्हणतात ना त्या."

"टोचतंय खरं. पण आईला नव्हे."

सगळं असं छान चाललं असतं. पण—

*'थोरली नणंद'बद्दल मत. (चौथ्यांदा पाहून.)* इतकं बारीक काम मी कुठल्या मोठ्या नटीचं पाहिलं नाही. ही बाई 'संसार' म्हणत नाही. 'शंशार' म्हणते. 'वहिनी, तुझा शंशार माझा आहे... मी शोडणार नाही.' मेलेल्या माणसाची जीभ अशीच जड होत असणार. हे सुचायला प्रतिभा लागते.

हे त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिच्या हातातली कानस थांबली.

तिला एका क्षणात कळलं. ती प्रतिभा नव्हती. ती चूक होती, आणि चूक तिची होती.

कवळी देताना ती प्रत्येकाला पासष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायची. सहासष्ट, सदुसष्ट... जिथे 'स' घसरेल तिथे दातांमागे घासायचं. नणंद झालेली नटी आली तेव्हा खाली गाडी उभी होती, शूटिंग खोळंबलं होतं. धावपळीत दात तुटू नयेत म्हणून हिने मागची बाजू मुद्दाम जाड ठेवली, आणि मोजायला लावलंच नाही. झालं.

आता सांगावं, तर अब्रू जाणार. जिच्या दातांनी माणूस बोबडा होतो, तिच्याकडे कुठला डॉक्टर काम पाठवेल? आणि न सांगावं, तर हा समोर उभा राहून त्या बाईवर...

"ती सुंदर आहे का हो?" तिने विचारलं. अगदी सहज. कवळीकडे बघत.

"कोण, नणंद? विग आणि चिखलात काय कळणार."

"पण आवडते."

"तो आवाज कानातून जातच नाही."

तो गेल्यावर तिने नणंदेचा जबडा भिंतीकडे तोंड करून ठेवला. मामाने सरळ केला. तिने परत फिरवला.

"प्लास्टरशी कसली गं भांडतेस?"

"भांडत नाही. धूळ बसते."

पुढच्या शुक्रवारी तो आला तो दोन तिकिटं नाचवतच. "रविवारी दुपारच्या खेळाला ती स्वतः येणार आहे. खेळानंतर भेटता येईल. म्हटलं, तुम्ही येता का... तुमचंही काम आहेच की त्यात."

"मला वेळ नाही."

"रविवारी दुकान बंद असतं."

"मग मला इच्छा नाही."

"घाबरता?"

"भुताला नाही घाबरत." ही थाप होती. "तिला काय विचारणार आहात?"

"तो 'श' कसा सुचला, ते."

आता मात्र तिचा बांध फुटला. "नाही सुचला. काही सुचलं-बिचलं नाही तिला. तो 'श' माझा आहे. मी दात मागून जाड केले, म्हणून तिची जीभ अडली. दुसरं कोणी असतं तरी तसंच बोललं असतं. तुम्ही बोलला असता. आमचा मामा बोलला असता."

आतल्या खोलीत मामाचं यंत्र बंद झालं.

त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या जबड्याकडे पाहिलं. झालं, तिला वाटलं, याचा लाडका सिनेमाही मोडला आणि आपलं नावही गेलं.

"किती जाड?" त्याने विचारलं.

"दीड मिलिमीटर जास्त."

"आणि हे तुम्ही इतके दिवस लपवलंत. मग आजच का सांगितलंत?"

"कारण तुम्ही तिला भेटायला चाललात." तिचे कान तापले. "आणि ते मला... ते मला अजिबात आवडलेलं नाही. हे माझं मत."

तो हळूच हसला. "मी चारदा तिकीट काढलं ते दीड मिलिमीटरसाठी. म्हणजे मी नणंदेच्या नाही, तुमच्या..."

"लिहू नका हं कुठे. धंदा बसेल आमचा."

"नाही लिहिणार. पण रविवारी याल?"

"येईन. तुम्ही आणि ती बोलत असताना मी मध्ये उभी राहणार."

रविवारी ती निम्मा सिनेमा डोळे मिटून बसली. 'शंशार' ऐकू आला तेव्हा शेजारच्या खुर्चीतला माणूस पडद्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता, हे तिला डोळे मिटूनही कळलं. खेळ संपला. नणंद साध्या कुर्त्यात समोर आली. सुंदर होती. फार सुंदर होती. ही लगेच दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, तुम्ही दातवाल्या ना?" नणंदेने हिला ओळखलं. "आणि हे?"

"मी भयपटांवर लिहितो," तो म्हणाला. "आणि या... या माझ्या..."

दोघी थांबल्या. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या माणसाला एक शब्द सापडेना.

"बोला की," ती म्हणाली. आज तिने मास्क लावला नव्हता.

त्याने शब्द शोधणं सोडून दिलं आणि तिचा हात धरला. नणंद खुदकन हसली.

दात सुरेख आहेत हिचे, तिला वाटलं. आज तेवढं मान्य करायला काहीच हरकत नव्हती.